रेघेवर रेघ

माझे अक्षर वाकडे आणि शुद्धलेखन कच्चे, शाळा चौथीपर्यंतच. ही वही कोणी वाचलीच तर सांभाळून घ्यावे. लालबागजवळच्या एका पोलीस ठाण्यात मी साफसफाईला होते, आता निवृत्त झाले. पुष्कळ प्रकरणे डोळ्यांसमोरून गेली, पण एक अजून मनातून जात नाही. नावे लिहीत नाही.

मसाला भाजून देणारी एक बाई तक्रार घेऊन आली. माझ्याच वयाची, माझ्याइतकीच शिकलेली. भाड्याच्या खोलीसाठी तिने करार करून एजंटाला दोन लाख डिपॉझिट दिले होते. खोली मिळाली नाही आणि पैसेही नाहीत. एजंटाला बोलावले, तर त्याने पावतीची झेरॉक्स पुढे केली. त्यावर लिहिलेले, पैसे परत मिळाले, खाली बाईची सही. मूळ कागद हरवला म्हणे. बाई सांगत राहिली, सही माझ्यासारखी दिसते, पण मी केलेली नाही.

फौजदार साहेब तरुण होते. त्यांनी खोलीच्या करारावरची तिची सही आणि पावतीवरची सही कॉम्प्युटरवर घेतली, एकावर एक ठेवली आणि वरची हळूहळू पुसट करत नेली. पातळ पदराआडून दिसावी तशी खालची सही दिसू लागली. रेघेवर रेघ बसली. मी तिथेच केर काढत होते.

हवालदार म्हणाले, "झालं. सही हिचीच. बाई, खोट्या तक्रारीचं काय होतं, माहीत आहे ना?"

ती नुसता पिशवीचा बंद पिळत राहिली. साहेबांशी मी चहा विचारण्यापलीकडे कधी बोलले नव्हते. तरी तोंडून निघाले, "साहेब, माझं हजेरीचं मस्टर बघा."

हवालदार हसले. "मावशी, तपास तुमच्याकडे देऊ का आता?"

"दोन सह्या सारख्या निघाल्या तर मला कामावरून काढा. आम्ही सही करत नाही साहेब, काढतो. हाताची रांगोळी रोज वेगळी येते. तंतोतंत येते ती छापाची."

साहेबांनी खरेच मस्टर मागवले. माझ्या दोन सह्या एकावर एक ठेवल्या, तर एकीचा काना दुसरीच्या बाहेर. मग बाईकडून दहा सह्या घेतल्या. एकही दुसरीवर बसेना.

एजंटाला आत घेतले. ओरडणे नाही, हात उगारणे नाही. त्यालाही दहा सह्या करायला लावल्या. त्याच्याही जुळल्या नाहीत. साहेब एवढेच म्हणाले, "तू शिकलेला. तुझी जुळत नाही, मग तिची कशी जुळली?"

त्याने पाणी मागितले आणि सांगून टाकले. करारावरच्या सहीचा फोटो काढून त्याने तो पावतीवर छापला होता.

गप्प बसलेला माणूस खोटाच असतो असे नाही, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या दिवशी सगळेच विसरले होते. मीही थोडा वेळ विसरले होते.

गुन्हा दाखल झाला. कोर्टात त्याने पैसे फेडायचे कबूल केले. शेवटच्या हप्त्याला बाई मला सोबत घेऊन गेली. पावतीवर सही करताना तिचे शेवटचे अक्षर ओळीखाली घसरले. वकील म्हणाले, पुन्हा करता का?

"राहू द्या," ती म्हणाली. "ही माझीच आहे."

दोन लाख पुरे झाले.