वर्षालीचं उलटं पुस्तक

उत्तमरावांची वर्षाली अमरावतीत चोरून उर्दू शिकते आणि येत्या उन्हाळ्यात तिचा निकाह आहे, ही बातमी आमच्या गावात आणली मैनाबाईनं. मैनाबाई म्हणजे उत्तमरावांची चुलत वहिनी. हिच्या पोटात एक वेळ दगड पचेल, बातमी पचायची नाही. मोर्शीच्या एसटीत तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं: पोरगी खिडकीशी, शेजारी तिची अकोटची मैत्रीण सईदा, आणि वर्षालीच्या मांडीवर उजवीकडून उघडलेलं पुस्तक. पानंही उलट्या बाजूनंच फिरवत होती. आमच्याकडे तशी उघडणारी पुस्तकं कोणत्या भाषेची असतात, ते शेंबडं पोरही सांगेल.

"एम.ए. कराले धाडली अन् पोरगी अलिफ-बे गिरवून राहिली!" मैनाबाई नळावर म्हणाली. संध्याकाळपर्यंत बातमीला नवरदेव मिळाला, दुसऱ्या दिवशी नवरदेवाला मोटरसायकल. ती कोणी दिली, ते मला विचारू नका.

वर्षालीला मी ती फ्रॉकात होती तेव्हापासून पाहतो. माळ्याची पोर. बापाच्या संत्र्यांच्या ढिगापाशी बसून फळं निवडायची आणि व्यापाऱ्याच्या तोंडावर म्हणायची, "बाबा, हे आंबट हायेत." उत्तमराव डोळे वटारत, तर ही आणखी मोठ्यानं सांगे. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. मी एकदा म्हटलं, "पोरी, अशानं नवरा भेटाचा नाही." तर म्हणते, "आजोबा, माह्या वाट्याचं खोटं तुमी बोलूनच राहिले ना, मंग मले काय गरज?"

ती सालं वाईट होती. कापसाचं काय होत होतं ते पेपरात यायचं. संत्र्याचं फारसं कोणी लिहीत नव्हतं. विहिरी खोल गेल्या, बागा उभ्या वाळल्या. उत्तमरावांनी आपली बाग स्वतःच्या हातानं तोडली आणि तेव्हापासून त्या वावराची वाटच सोडली. घरात बागेचं नाव काढायची सोय नव्हती. अशा माणसाच्या कानावर मैनाबाईची बातमी गेली.

"उद्याच आणतो तिले. कॉलेज बंद," ते म्हणाले. सोबतीला मला घेतलं. एवढा तमाशा पाहायला बोलावणं आल्यावर मी कसला मागे राहतो!

कॉलेजात वर्षालीच्या वर्गाचं दार ढकललं आणि मी जागीच थिजलो. खिडक्यांना पडदे, भिंतीवर उजेडाचा चौकोन, आणि त्यात बशीएवढ्या डोळ्यांची एक पोरगी केस उडवत पळत होती. कार्टून! एम.ए.च्या वर्गात! आणि मिशा फुटलेली पोरं ते वहीत टिपून घेत होती.

"मास्तर, मी पोरगी न्याले आलो," उत्तमराव म्हणाले. "पयले ते उर्दूचं पुस्तक दाखवा."

शिकवणारे धर्मेंद्र सर अकोल्याचे, स्वभावानं गरीब. त्यांनी सांगितलं की ही जपानची चित्रकथा, तिला मांगा म्हणतात. भिंतीवर हलतं आहे ते ॲनिमे. यंदाच्या सेमिनारला हाच विषय आहे आणि आज बोलायची पाळी वर्षालीची.

"काका, उर्दू मलेच धड येत नाही," सईदा मागून म्हणाली, "इले काय शिकवू?"

वर्ग हसला. उत्तमराव हसले नाहीत. "चित्रं पाहाले एम.ए. लागते? मंग घरीच बरी. भर सामान."

वर्षालीनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "पाहून तं घ्या, बाबा. मंग न्या."

त्यांनी ते आपण उघडतो तसं उघडलं. डावीकडून. त्या पानांवर एक अक्षर नव्हतं. मी खांद्यावरून डोकावलो. उघडी टेकडी, जिकडेतिकडे झाडांची बुडखं. पुढच्या पानांवर कुऱ्हाड घेतलेला माणूस. मग थोडी झाडं, मग बरीच, आणि मग अख्खी बाग, फळांनी वाकलेली. फळंही आपल्या संत्र्यासारखीच. खाली एक लहान मुलगी उभी.

उत्तमरावांनी त्या बागेवर बोट ठेवलं. "आली," ते म्हणाले. "तोडलेली बाग परत आली! या जपानवाल्याईनं उभी केली!" तो उजळलेला चेहरा मी बाग गेल्यापासून पाहिला नव्हता. "राहू दे सामान. शिक तू. कसं केलं याईनं, ते शिक."

काम फत्ते! मी तिला डोळ्यांनी खुणावलं: आता तोंड मीट, बाई.

"बाबा," वर्षाली म्हणाली, "तुमी उलटं पाहून राहिले. हे उजवीकडून पाहाचं असते. झाडं येऊन नाही राहिली. तो तोडून राहिला."

जन्मभर मी खऱ्याचं खोटं करत आलो, पण कोणी स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेताना पाहिलं नव्हतं. सर जमिनीकडे पाहत होते.

उत्तमरावांनी पुस्तक फिरवलं. उजवीकडून पुन्हा पाहू लागले, एकेक पान. शेवटच्या बुडखांपाशी थांबले.

"बाप होय हा इचा?"

"हो."

"तोडताना पाहू देलं यानं पोरीले?"

"देलं."

"मी तुले नोतं पाहू देलं. मावशीकडं धाडलं होतं."

"मालूम हाये मले."

त्यांनी पुस्तक मिटून सरांना दिलं. "इची पाळी होती ना? बोलू द्या तिले." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. ती इंग्रजीत बोलली. आम्हा दोघांना ओ की ठो कळलं नाही, पण ते शेवटपर्यंत हलले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघंच परतलो.

ती आता अकोल्यात शिकवते. पोरं तिला टरकून असतात म्हणे.

मैनाबाईची बातमी मात्र अजून फिरते, म्हणून सांगून टाकतो. वर्षाली उर्दू शिकत नव्हती. निकाह ठरला नव्हता. ती सेमिनारसाठी जपानी चित्रकथा वाचत होती, आणि ती पुस्तकं उजवीकडून उघडतात.