डोंगराचं पोट

मामा डोंगराला हात लावायचे तो हाताच्या मागच्या बाजूनं, तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "आज बरा आहे."

कारंज्याकडच्या डोंगरातून तुम्ही कधी बसनं गेला असाल, तर रस्त्याच्या कडेला फावडं घेऊन उभा राहिलेला असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, तो बाजूला सरतो, आणि आपण त्याला विसरून जातो. मामा मैलकुली होते, सगळेच त्यांना मामा म्हणत. नेमून दिलेल्या तुकड्यातले खड्डे बुजवायचे, नाल्या मोकळ्या ठेवायच्या, एवढंच त्यांचं काम. मी त्या तुकड्याचा ओव्हरसियर, वर्ध्याहून नवानवा आलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी वाटणी करून टाकली, "सायब, रस्ता तुमचा. डोंगर माहा."

एखादा दगड घरंगळून रस्त्यावर आला की ते वर बघून रागवायचे, "काऊन रे, नीट राह्यता येत नाई तुले?" आणि मग तो दगड उचलून, जपून बाजूला ठेवायचे. एकदा दुपारी मी सावली बघून डबा उघडला, तर त्यांनी वरच्या दगडांकडे बघून मला उठवलं. दुसऱ्या जागेवरूनही उठवलं. तिसऱ्या जागी बसलो तर खाली मुंग्यांचं वारूळ. मी वैतागलो, तर म्हणाले, "मुंग्या चावते सायब, पण जीव नाई घेत."

ही गोष्ट ऐंशी सालाच्या मागचीपुढची. त्या वर्षी आषाढात लागलेला पाऊस श्रावण संपत आला तरी थांबेना. मामा मला घेऊन वर चढले. सागाची झाडं रस्त्याच्या बाजूला कलली होती. जमिनीला भेग पडली होती, त्यांनी तिच्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. खाली झऱ्याचं पाणी मुरमासारखं लाल झालं होतं. रस्त्याच्या खाली, नाल्याकाठी माळ्यांची आठ घरांची वस्ती होती. वांगी, मिरच्या, कोथिंबीर पिकवायचे आणि कारंज्याच्या बाजारात नेऊन विकायचे. मामांची धाकटी बहीण तिथंच राहायची. नवरा गेलेला, एक मोठा मुलगा. तिच्या हातचा झुणका मीही खाल्ला होता.

"पोट फुगलं, सायब," मामा म्हणाले. "वर लिहा."

मी लिहिलं. वरिष्ठांनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला. "धोका आहे म्हणता, मग रस्ता बंद करावा लागेल. वाहतूक कुठून नेणार? 'तूर्त धोका नाही' एवढी ओळ घाला. पावसाळ्यानंतर बघू." मी घातली. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं, असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी नक्कल वाचून दाखवायला सांगितली. मी सगळी वाचली. ती ओळ तेवढी गाळली.

"बेस लिहिलं," ते सावकाश म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते वस्तीत गेले आणि हातापाया पडून सगळ्यांना पलीकडच्या गावच्या शाळेत घेऊन आले. दोन दिवस गेले. डोंगर जागचा हलला नाही. तिकडे झाडावर वांगी पिकून पिवळी पडायला लागली. लोक कुरकुरले, मग हसायला लागले. "मामा, तुमचा डोंगर तं झोपून राह्यला!" तिसऱ्या दिवशी सकाळी एकेक घर निघालं. मामा पायवाटेवर दोन्ही हात पसरून उभे राहिले. बहीण त्यांच्या हाताखालून वाकून निघाली. "भाऊ, माल तोडते अन् येते. बाजार कसा बुडवू?"

चौथ्या दिवशी कारंज्याचा बाजार होता. दुपारी मी तिथून परतीच्या बसमध्ये बसलो. बस भरलेली होती, रिकाम्या टोपल्या घेऊन वस्तीतली बहुतेक माणसंही होती. बहीण मात्र आली नव्हती. उरलेली वांगी तोडायची म्हणून तिनं माल मुलाबरोबर पाठवला होता.

वळण यायच्या आत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. समोरून मामा चढावर पळत येत होते. डोक्याचा लाल दुपट्टा हातात, तोंड उघडं, आवाज ऐकू येत नव्हता. बस थांबली. मामा बॉनेटवर दोन्ही हात टेकून वाकले. त्यांच्या पाठीमागं, झाडंझुडपं उभीच्या उभी घेऊन, डोंगर खाली उतरला. रस्ता गेला. रस्त्याखालची वस्ती गेली.

तीन माणसं गेली. दोन म्हातारी, आणि मामांची बहीण. दुसऱ्या दिवशी ती वांग्याच्या वाफ्यात सापडली. मामांनी तिच्या तोंडावरचा चिखल स्वतःच्या हातानं पुसला, कोणाला पुसू दिला नाही.

मामांचं फावडं दरडीच्या कडेला, वस्तीकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी पडलेलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं. रात्रंदिवस उकरून दमलेला भाचा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "मामा, तुमी पायवाटेवरच होते. माय हाकेवर होती. खाली काऊन नाई आले?"

मामा म्हणाले, "तुमाले सांगतलं होतं, बाप्पा. बशीले कोणी सांगतलं नव्हतं."

भाचा त्याच बसमध्ये होता. तो तिथंच चिखलात बसला. मामा त्याच्याजवळ बसले. पाऊस पडतच होता.

आठ दिवसांनी मला राहवलं नाही. मामा नाली मोकळी करत होते. मी म्हटलं, "मामा, त्या कागदात एक ओळ होती. मी तुम्हाला वाचून दाखवली नाही."

"मालूम आहे."

"कसं?"

"मले वाचता येत नाई, सायब. म्हून कोणी वाचत असलं का मी त्याच्या तोंडाकडे पाह्यतो. तुमी एका जागी थांबले, थुका गिळला, अन् पुढं वाचलं." त्यांनी फावड्याचा चिखल झटकला. "त्याच सांजी मी वस्तीत गेलतो."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते पुन्हा खाली वाकले आणि नालीतला गाळ ओढू लागले.

पुढं तिथं भिंत बांधली गेली, चांगली भक्कम. माझी बदली झाली. तीन-चार वर्षांनी एका पावसाळ्यात त्या बाजूला कामाला गेलो तेव्हा मामांच्या घरी गेलो. मामा उन्हाळ्यातच वारले होते. दारात मामी बसल्या होत्या.

"मागच्या साली बाजेवरून उठता येत नव्हतं त्याईले," त्या म्हणाल्या. "पानी आलं का मले पाठवत. जाय, नाली पाहून ये. मी पाहून येत होती, सांगत होती, वाहून राह्यली. मंग झोपत."

बोलता बोलता आभाळ भरून आलं आणि पत्र्यावर थेंब वाजू लागले. मामी उठल्या. पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"मामी, आता कशाला?"

"येते मी," त्या म्हणाल्या. "बसा तुमी."

आणि त्या पावसात घाटाकडे निघाल्या. मी त्या रिकाम्या घराच्या दारात, त्या दिसेनाशा होईपर्यंत उभा राहिलो.