फोरमनच्या बादलीतलं विज्ञान

छापखाना बंद पडला तरी गल्लीतले लोक त्याला फोरमनच म्हणत, आणि त्यालाही ते बरं वाटे. बायको औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असे, त्यामुळे घरातलं धुणं आपसूक त्याच्याकडे आलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं, पण गडी ताठ्याचा. बादली भरायच्या आधी दाराला कडी लागे, पडदा ओढला जाई, आणि दोरी बाहेर नाही, आतल्या खोलीत पलंगावरून बांधली जाई. बायकोचे कपडे पिळताना कुणी पाहिलं तर अब्रूचं खोबरं होईल, अशी त्याची पक्की समजूत होती.

या बंद घरात त्याच्याबरोबर अडकायची ती शाळेतून आलेली लेक, पिटुकली. तिची भुणभुण थांबावी म्हणून त्याने एकदा एक लोकरीचा आणि एक नायलॉनचा मोजा भिजवून टांगला आणि आधी कुठला वाळेल यावर पैज लावली. पिटुकली हरली, आणि तिला नादच लागला. मग कोरडा टॉवेल तोलायचा, भिजवून पुन्हा तोलायचा आणि पठ्ठ्या किती पाणी प्यायला ते पाहायचं. खळ दिलेल्या कॉलरवर आयोडीनचा थेंब टाकला की निळाकाळा डाग उमटे, बिनखळीच्या बाहीवर मात्र तो नुसता तपकिरी राही. जे दिसलं तेच सांगायचं, सोयीचं सांगायचं नाही, हा फोरमनचा नियम होता.

बाहेरच्यांसाठी नियम वेगळा. कुणी विचारलं तर धुणं आई करते आणि प्रयोगही आईच शिकवते. बाबा? बाबा काही करत नाहीत, एवढंच म्हणायचं. पाय पसरून पेपर वाचणारा बाप चालेल, बादलीशी बसलेला नको, असं त्याचं अजब गणित होतं. पिटुकलीकडून त्याने हे घोकून घेतलं होतं.

पुढे शाळेने घरगुती प्रयोग दाखवायला मुलांना पालकांसह बोलावलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच उभे राहा, असं बायकोने परोपरीने सांगितलं. तो बधला नाही. शेवटी तीच अर्ध्या दिवसाची रजा काढून, दमलेल्या पायांनी लेकीच्या टेबलामागे उभी राहिली.

पिटुकलीने पांढऱ्या रुमालाच्या टोकापासून थोडं वर काळ्या स्केचपेनचा ठिपका काढला आणि ते टोक पाण्यात सोडलं. पाणी वर चढलं तसा काळा रंग फाकत गेला आणि त्यातून निळा, जांभळा, गुलाबी बाहेर आला. मुलं टेबलावर ओणवी झाली. बाईंनी कौतुकाने तिच्या आईला विचारलं, हे रंग काळ्यात आले कुठून?

फोरमन मागच्या भिंतीशी उभा होता. अर्धं आयुष्य शाया कालवण्यात गेलेलं, उत्तर जिभेवरच होतं. पण शेजारी छापखान्यातला जुना मशीनमन उभा होता, एके काळी त्याच्या हाताखालचा. आता तोंड उघडलं तर बादलीपर्यंतचं सगळंच उघडं पडणार. बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो छताचा पंखा बघत राहिला.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिची मान खाली गेली.

बाईंनी सावरून घेत पिटुकलीला विचारलं, बाबा मदत करतात की नाही? पिटुकलीने बापाकडे पाहिलं. प्रयोग बरोबर जमतोय ना, हे विचारायला ती पाहायची, अगदी तशीच. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा काही करत नाहीत."

सगळे हसले. मशीनमन मात्र हसला नाही, त्याने हळूच फोरमनच्या पाठीवर हात ठेवला. फोरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांच्या हसण्याचं त्याला काही वाटलं नाही. समोर बायको ओला रुमाल पिळत होती आणि तिच्या वाटचं उत्तर आपण गिळून बसलो, याची त्याला लाज वाटली.

परतताना ती पुढे चालत होती. पिटुकलीने त्याचं बोट धरलं.

"बाबा, बरोबर सांगितलं ना मी?"

"नाही," तो म्हणाला. "जे दिसतं तेच सांगायचं असतं."

पिटुकली थांबली. तिला खरंच कळत नव्हतं.

"पण दिसू नये म्हणून तुम्हीच तर पडदा ओढता."