नांगर सुटला तेव्हा

हे गेल्यावर मी देवघरात दिवा लावणं बंद केलं. रागानं नाही. रागवायलासुद्धा समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. यांच्या आजारपणात मी खुलताबादच्या भद्रा मारुतीचे शनिवार धरले होते. पुंडलिकनगरातून पहाटे पायी निघायचे, तेल-नारळ सगळं मनापासून केलं. सारी उमर वाळूजच्या कारखान्यात पाळ्या केलेला माणूस शेवटी खाटेवरून उठू शकला नाही. तिथला मारुती निजलेला असतो, त्याला कुठलं ऐकू जाणार, असं मी शेजारणीला बोलून गेले. तिनं कानाला हात लावले आणि पुढं बरेच दिवस आमच्याकडे आली नाही.

माझा धाकटा भाऊ नंदू ग्रीसमध्ये जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याची स्वतःची एक जुनी शिडाची होडी आहे. फोनवर म्हणाला, "ताई, तिथं एकटी बसून लई कुढतीस तू. इकडं ये, होडीनं तुर्कस्तानचा किनारा दाखवतो." मी नाही म्हटलं. त्यानं तिकीटच पाठवलं. जायकवाडीपलीकडे मोठं पाणी न पाहिलेली बाई मी, गेले. इथं राहूनही काही उजेड पडणार नव्हता.

त्यानं मला परक्या किनाऱ्यावर जाणाऱ्यानं काय काय पाळायचं ते शिकवलं. नव्या देशाच्या पहिल्या बंदरात शिरताना पिवळा झेंडा चढवायचा आणि तिथले अधिकारी कागद पाहून हो म्हणेपर्यंत जमिनीवर पाय ठेवायचा नाही. पासपोर्ट आणि होडीचे कागद एकाच पिशवीत, पाणी न शिरणाऱ्या. वायरलेस सोळा नंबरवर कायम चालू. जीवावर बेतलं तर तीनदा 'मेडे' म्हणून होडीचं नाव आणि पडद्यावर दिसणारे जागेचे आकडे सांगायचे. "आणि ताई, पाणी किती उरलंय ते रोज बघायचं," असंही तो म्हणाला होता. मी मान हलवत होते. त्याला बरं वाटावं, एवढ्यापुरतीच.

तुर्कस्तानच्या पहिल्या बंदरात तो कागद घेऊन कचेरीत गेला. अधिकारी होडी पाहून गेले होते, झेंडाही उतरला होता. धक्क्यावरच्या माणसानं पाण्याचा पाइप माझ्या हातात दिला. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आदलं शिळं पाणी आम्ही कुंड्यांना घालतो, अंगण धुतो, भांडी घासून ताजं भरतो. हाताला तेच वळण. होडीच्या टाकीत निम्मं पाणी होतं, ते मी नळ सोडून सगळं वाहू दिलं आणि मग पाइप लावला. बादलीभर पाणी आलं असेल नसेल, आणि धार बंद पडली. तिथंही पाणी ठरलेल्या वेळेलाच येत होतं. त्या माणसानं खुणेनं सांगितलं, उद्या.

नंदू आला आणि पोट धरून हसला. "व्हय ताई, शिळं पाणी फेकलंस? हे दोन कॅन हायेत ना, पुरतील. पुढच्या गावात भरू."

पण पुढचं गाव आलंच नाही. वारा उलटा फिरला म्हणून आम्ही डोंगरांनी वेढलेल्या एका खाडीत नांगर टाकला. आसपास वस्ती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूला उलट्या सुरू झाल्या, जुलाब, ताप. काय खाण्यात आलं कोण जाणे. मी मीठ-साखरेचं पाणी करून पाजत होते, ते पोटात ठरत नव्हतं. पाजण्यात, धुण्यापुसण्यात दुपार व्हायच्या आत कॅन संपले. टाकीतलं बादलीभरही संपलं. तो बरळायला लागला. आईला हाक मारत होता, आणि आमची आई जाऊन किती वर्षं झाली. त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची.

वायरलेसवर ओरडून माझा घसा बसला. नुसती खरखर. डोंगराआडून आवाज बाहेर जात नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मदतीच्या खुणेचा लाल बाण उडवला, तो डोंगराच्या आतच विझला. नांगर उचलणं, होडी हाकणं मला येत नव्हतं. एका माणसाला मी तोंडात पाणी घालून निरोप दिला होता. या दुसऱ्याच्या तोंडात घालायला तेही नव्हतं, कारण मीच ते ओतून टाकलं होतं. माझ्यासारखी करंटी मीच, असं मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

मग डोंगरावरून वारा खाली कोसळला. होडीला एक हिसका बसला. मला वाटलं लाट असेल. जरा वेळानं पाहिलं तर किनारा लांब गेलेला. नांगर सुटला होता आणि होडी उघड्या समुद्राकडे चालली होती. मी खाली बसले. खरं सांगते, देवाचं नाव घेतलं नाही. 'ने, कुठं न्यायचं तिकडं ने,' एवढं म्हटलं. कुणाला म्हटलं, आजही सांगता येत नाही.

खाडीच्या तोंडाशी डोंगर मागं पडला आणि वायरलेसमधून दोन माणसांच्या गप्पा ऐकू आल्या. त्यांची भाषा मला कळत नव्हती. मी धडपडत उठले, बटण दाबलं, आकडे वाचले, मोडक्या इंग्रजीत भाऊ, आजारी, पाणी एवढंच परत परत म्हणत राहिले. गप्पा थांबल्या. एक आवाज इंग्रजीत म्हणाला, "येतो. थांब."

मासेमारीची होडी होती. पांढऱ्या मिशांचा एक माणूस आमच्याकडे उडी मारून आला, त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ नंदूजवळ बसून चमच्यानं पाणी पाजू लागला. घोटभर पोटात राहिलं, आणखी घोटभर राहिलं. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अल्ला करीम." देव उदार आहे, असा अर्थ; खुलताबादच्या दुकानांतून हे शब्द मी जन्मभर ऐकत आले आहे. त्या अनोळखी माणसासमोर मी पदर तोंडाला लावून रडले. त्यानं आमची होडी ओढत बंदराला नेली. मी नाव विचारायच्या आत परतही गेला.

दवाखान्यात नंदू शुद्धीवर आला तेव्हा पहिलं त्यानं विचारलं, "ताई, नांगर तू उचललास?"

"नाही रे. सुटला."

"तो कसा सुटंल? मी बुडी मारून बघितलं होतं. पक्का बसला होता." असं म्हणता म्हणता तो पुन्हा झोपला.

वाऱ्याचा जोर होता, तळ भुसभुशीत असेल. मी वाद घालत नाही. एकाला का नेलं आणि एकाला का ठेवलं, हेही मला कळलेलं नाही, आणि कळेल असं वाटत नाही. मी जे करू जाणत होते ते सगळं करून थकले होते, आणि जे माझ्या हातात नव्हतं त्यानंच माझा भाऊ वाचला, एवढं मात्र खरं. त्याच्या उशाशी बसून मी हात जोडले. कधी नव्हे ते, काही मागितलं नाही.