यमक नसलेली ओळ

तमाम वाचकहो, उभे असाल तर बसून घ्या. बसले असाल तर सावरून बसा. एक अत्यंत गंभीर निवेदन होत आहे — सदर इसमाने, म्हणजे मी, भूतखेत-चमत्कार असल्या गोष्टींवर आजवर कधीही विश्वास ठेवलेला नाही. आमच्या बुऱ्हाणपुरात, शनवारा भागात, मागे एका गच्चीवर पांढरी बाई दिसते म्हणून बोभाटा झाला होता. मी काठी घेऊन वर गेलो. शेजाऱ्यांचं धोतर वाळत होतं. घडी घालून खाली आणून दिलं. असा मी माणूस!

तरीही गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत ओसरीवर जे घडलं... ते सांगतो.

मी कागद कारखान्यातला माणूस. झाड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लगदा यायचा. ही दृष्टी सुधारली माझ्या सासऱ्यांनी. अण्णांची दापोऱ्याला केळीची बाग, आणि घरात एक जुलमी रिवाज. जेवायला बसणाऱ्या प्रत्येकानं त्या दिवशी वाटेत जे पाहिलं — झाड, वारा, ऊन, पाखरू — त्यावर दोन ओळी म्हणायच्या. स्वतःच्या. मगच ताटात भाकरी. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शाळेत पाठ केलेलं काहीतरी ठोकून दिलं. अण्णांनी माझं ताट शांतपणे मागे ओढलं.

"बासी आहे, जावईबापू. बाहेर जा, पाहून या."

गेलो! कविता करून उपाशी राहिलेले पुष्कळ ऐकलेत. जेवायला मिळावं म्हणून कवी झालेला मी एकटाच असेन.

पण खरं सांगू? त्या भुकेनं मला डोळे दिले. केळीचं नवं पान सुरळीसारखं वर येतं आणि हळूहळू उलगडतं, हे मी तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं. अण्णा म्हणायचे, ऋतू दारावरून जातो, त्याला निदान "आलास का" एवढं तरी विचारावं. आम्ही दोन ओळींत तेवढंच विचारायचो.

मग अण्णांना झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, असं डॉक्टर म्हणाले. ते महिने गेले, वर्षही उलटलं. सगळ्यांनी मान्य केलं... माझी बायको सुलभा सोडून. दर रविवारी ती मला स्कूटर काढायला लावायची. दापोऱ्याला अण्णांसमोर माझं ताट मांडायची, मी दोन ओळी म्हणायचो, आणि भाकरी हातात धरून ती थांबायची. अण्णांनी "चालेल" किंवा "बासी" म्हणावं म्हणून. अण्णा बागेकडे बघत राहायचे. डाळ निवायची. शेवटी मीच भाकरी ओढून घ्यायचो.

अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली तेव्हा मेहुणा प्रकाश एक दिवस वैतागला. "ताई, त्यांना बोलता येत नाही, हे तू दर रविवारी त्यांनाच दाखवून देतेस. आखाजीनंतर हे बंद."

"आखाजीपर्यंत तर आहे ना?" सुलभा म्हणाली. "मग ताट आण."

आखाजीच्या आधीचा तो शेवटचा रविवार. ऊन असं की बागसुद्धा पानं खाली सोडून उभी. वाटेत मी रस्त्याकडेच्या एका कडुलिंबाखाली थांबलो होतो. ओसरीवर बसलो आणि म्हणालो —

ऊन तापलं रस्त्याला, लिंब फुलानं पांढरा,
त्याच्याखाली उभा राहता जीव थंडावला जरा.

सुलभा भाकरी धरून उभी. प्रकाश खाली मान घालून. बागेत पंपाचा आवाज तेवढा.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. घोगऱ्या, तुटक आवाजात, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे ते म्हणाले —

"जिथून पान गळून पडलं होतं... तिथूनच फूल बोलायला लागलं."

सुलभाच्या हातातली भाकरी माझ्या ताटात पडली. प्रकाश अण्णांकडे धावला. ते दोघं रडायला लागले ते वाचा आली म्हणून. माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं.

ती माझी ओळ होती. त्याच लिंबाखाली सुचलेली तिसरी ओळ, शब्दाला शब्द! लिहिली नव्हती, पुटपुटलोही नव्हतो. मनातच टाकून दिली होती. ओळ लांबलेली होती. शिवाय मुक्या माणसापुढे "बोलायला लागलं" कसं म्हणायचं?

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गाणी-कविता मेंदूत वेगळ्या जागी असतात, जुनं पाठांतर असं परत येतं. मी विचारलं, दुसऱ्याच्या डोक्यातलं? त्यांनी माझं ब्लडप्रेशर तपासलं. प्रकाशचं म्हणणं, दाजी हेल्मेटमध्ये बडबडले असतील. बडबडलो असेन बाबा, पण अण्णा तेव्हा दापोऱ्याच्या ओसरीवर होते! सुलभाला उत्तर नकोच आहे. तिचे रविवार चालू आहेत; अण्णा आता पाच-सहा शब्द बोलतात, त्यातला एक अर्थातच "बासी". मला मात्र आजही उलगडा झालेला नाही.

आणि त्या क्षणी, जेव्हा घर रडत होतं आणि एखाद्या शहाण्या जावयानं सासऱ्याचे पाय धरले असते, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं ते हे —

"पण अण्णा, ती ओळ मी काढून टाकली होती. तिला यमकच नव्हतं."