गोधडीची मागची बाजू

मी शिकलो तो सुभद्राकाकूंमुळे. शेजारच्या या काकूंनी लोकांच्या गोधड्या शिवून मला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पुढे प्रबंधही त्यांच्या गोधड्यांवरच लिहिला.

यंदा विद्यापीठानं संशोधन गावोगाव नेण्यासाठी थोडा निधी दिला. अट एकच, विद्यापीठाबाहेरच्या माणसांना ते कळलं पाहिजे. मी आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर गोधड्यांचे मोठे फोटो लावले आणि खाली माझे परिच्छेद.

काकूंना वाचता येत नाही. त्यांनी फोटोवरून हात फिरवला, मग कोपरा उचलून मागे डोकावल्या.

"काय बघताय, काकू?"

"टाकं बघते. गोधडी मागनं पारखायची असती. हितं तर कोरा कागद! फसवलं की रं तुला छापणाऱ्यानं!"

जमलेल्या बायका हसल्या. मीही हसलो, पण मनात ते राहून गेलं. धागा कुठे संपला, नवा कुठे जोडला, हे मागच्या बाजूलाच दिसतं. मी समोरची बाजू तेवढी छापून आणली होती, आणि ज्यांच्याकडून सगळं शिकलो त्यांनाच त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

विद्यापीठात परत आल्यावर काकूंना पत्र लिहिलं. काकूंची नात त्यांना वाचून दाखवते.

"तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार. पुढच्या गावी फोटो नेणार नाही. उरलेल्या निधीतून दोऱ्या बांधू आणि त्यांवर खऱ्या गोधड्या टाकू, दोन्ही बाजूंनी दिसतील अशा. बोलायचं तुम्ही, मानधनही तुम्हालाच. मी खाली बसून ऐकेन. प्रबंधात माझं काय चुकलंय, ते तिथंच सगळ्यांसमोर सांगा."