शेतमालकाचे आभार

आमच्या त्या गाजलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वारा नाही. माझा हात आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दर्यापूरकडे आमचं वावर आहे, म्हणजे शेत. तिथं मी आणि माझा अकोल्याचा आतेभाऊ, दोघांनी मिळून वाऱ्यानं वाजणारं वाद्य उभं केलं होतं. तो व्हायोलिन वाजवतो, मी अमरावतीत सतार शिकवतो. पीक खाणाऱ्या रोह्यांना, नीलगाईंना अडवायला बाबांनी कुंपण घातलं होतं. एका वैशाखात त्याची तार वाऱ्यानं घुमायला लागली आणि आतेभाऊ जेवण सोडून धुऱ्याच्या बांधावर बसून राहिला. मग आम्ही बाभळीचे खांब रोवून लांब तारा ताणल्या, आवाज भरावा म्हणून एका टोकाला धान्याची रिकामी कोठी जोडली. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की खांब कलायचे, सूर उतरायचा. पावसाळ्यात जमीन फुगली की चढायचा. आम्ही जुळवत नव्हतो. तारेला शिवायचंही नाही, हा आतेभावाचाच नियम.

"हात लावला त मंग आपलं वाजवणं झालं. वाऱ्याचं कुठी राह्यलं?"

वर्षानुवर्षं तेच केलं. मग पुण्यातल्या एका कार्यक्रमासाठी त्याला वावधन हवं होतं, आमच्याकडचा तो पिसाट वारा. नेमकी तेव्हा आत्या दवाखान्यात होती, त्याला अकोला सोडता येईना. म्हणून मी एकटाच रेकॉर्डर घेऊन गेलो, तर निंबाचं पान हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. रिकामं जायची लाज वाटली. त्याच्या व्हायोलिनच्या गजाची राळ कोठीजवळच राहिली होती. ती सुती फडक्याला चोळली, फडक्यात तार धरली आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत ओढत चालत गेलो. तार आधी कण्हली, मग अशी काही उघडली की मलाच भीती वाटली. तसं माझ्या हातून आधी कधी वाजलं नव्हतं, नंतरही नाही.

दवाखान्याच्या बाकावर त्यानं ते रेकॉर्डिंग कानाला लावलं. डोळे भरले त्याचे.

"पाह्य, वारा काय करू शकते! तुह्या हातात हाय का बे एवढा दम? तुह्याजवळ त सतारीची तार टिकत नाई."

हसला. मीही हसलो. सांगणारच होतो, पण ते तिथंच राहिलं.

पुण्यात मी पुढच्या रांगेत होतो. ते रेकॉर्डिंग लावून त्यानं त्यावर व्हायोलिन वाजवलं. लोक उठून उभे राहिले. मग एकदम पुणेरी होऊन म्हणाला, "यात माणसाचा हात नाही. ज्यांनी शेत उपलब्ध करून दिलं, त्या माझ्या मामेभावाचे आभार."

शेत. वावरसुद्धा नाही म्हणाला. खांब मी रोवले, तारा मी ताणल्या, आणि मी झालो शेतमालक! टाळ्या पडत होत्या माझ्या हाताला, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

परत आलो आणि तारा काढून टाकल्या. त्याचा फोन आला, "काहून रे, बोलून नाई राहिला?"

"मालकाले काय विचारतं," म्हणालो.

नात्यात सगळ्यांना सांगितलं, यानं मला लुटलं. लोकांना पटलंही. आत्याच्या तेराव्यालासुद्धा आम्ही दोन टोकांना बसलो.

तो मात्र तेव्हापासून तो वारा शोधत फिरतोय. धारणीच्या पुढं, मेळघाटात, टेकड्यांवर तारा बांधतो. तसं काही सापडत नाही. परवा एवढ्या दिवसांनी फोन केला.

"माहे कान गेले वाटते रे. व्हायोलिन बंद केलं म्या. तो वारा मामाच्या वावरातच होता. एकदा खांब उभे करू देशील?"

"पाहू," म्हणालो. एवढंच.

त्यानं मला शेतमालक केलं ते अजून सलतं, आणि सलत राहील. पण त्याचे कान शाबूत आहेत, हे फक्त मला माहीत आहे. भाऊ, त्या दिवशी वारा नव्हता, तो माझा हात होता: एवढं एक वाक्य मी त्याचं देणं लागतो.